पालथा फोन

मार्गशीर्षातली थंडी, धानाची मळणी होऊन चारपाच दिवस झालेले, घरभर पोत्यांचा नि तणसाचा वास, आणि मी मध्यरात्री पाणी प्यायला उठलेली. जाता जाता लेकीच्या अंगावरची गोधडी सरकली का पाहावं म्हणून वाकले तर गोधडीच्या शिवणीतून निळसर उजेड झिरपत होता. मी एक टोक उचललं आणि तेवढ्यात तिने फोन गादीवर पालथा घातला. टप् असा बारीक आवाज झाला. "का पायतेस व?" "काई नाई आई, कार्टून." "झोप आता." "हो." एवढंच. ना मी फोन उलटा करून पाहिला ना तिने अजून काही सांगितलं, मी पाणी प्यायले, परत येऊन पडले, आणि पहाटे कोंबडा आरवेपर्यंत तो टप् आवाज ऐकत राहिले.

कार्टून हा शब्द तिला मीच दिला होता.

दिवाळीच्या सुट्टीत मी चकल्या तळत होते तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली होती, आई एक ॲनिमे आहे, वर्गातल्या सगळ्या मुली पाहतात, पाहू का? माझं सगळं लक्ष कढईत. कार्टूनच नं ते, पाह मग. तिने विचारलं होतं, हे मला नंतर फार लागलं. तेरा वर्षांची पोरगी, आठवीतली, आपणहून विचारायला आली आणि मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की चित्रातलं असलं म्हणजे लेकरांचं. धाकटा डोरेमॉन लावून जेवतो, त्याच जपानचं हेपण, मग त्यात काय पाहायचं. जपानमधे चित्रांच्या गोष्टींची मासिकंच वाचणाऱ्यांप्रमाणे वेगळी निघतात, शाळकरी मुलींची वेगळी, मुलांची वेगळी, वयात आलेल्या पुरुषांची वेगळी, आणि शाळेचा युनिफॉर्म घातलेली पोरं या सगळ्या मासिकांत असतात, हे मला तेव्हा कुठून माहीत असणार. युनिफॉर्म दिसला की आपण समजतो शाळकरी लेकरांसाठी आहे. तिथेच चुकतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. फोन शाळेत नेऊ देत नाहीत, म्हणून घरीच असतो. मी बांधावरच्या तुरीच्या शेंगा घेऊन ओसरीत बसले, सोले काढायचे होते भाजीला, फोन पाटीला टेकवून ठेवला आणि ती काय पाहत होती ते लावलं. किमी नी तोदोके नाव. 2009 ची सिरीज निघाली, म्हणजे ही जन्मायच्याही आधीची, पहिल्या सीझनचे 25 एपिसोड. जपानी बोलतात आणि खाली इंग्रजी पट्टी पळते, मला निम्मी पट्टी वाचायच्या आत निघून जायची, मग मागे घ्यायचं, परत वाचायचं. बोटं शेंगांनी चिकट झालेली, स्क्रीनवर हिरवे ठसे उमटले होते.

सावाको नावाची मुलगी आहे. लांब काळे केस, नाकासमोर चालणारी, हसायला गेली की भीतीच वाटावी असं काहीतरी तिचं हसू. वर्गातली पोरं तिला भुताच्या सिनेमातल्या सादाकोच्या नावाने हाक मारतात, तिच्याकडे पाहिलं तर शाप लागतो म्हणतात. बाजूला कोणी बसत नाही. आणि वर्गातला सगळ्यांचा आवडता एक मुलगा, काझेहाया, तिला तिच्या खऱ्या आडनावाने हाक मारतो. पहिल्या भागात प्रेमाची गोष्ट म्हणाल तर एवढीच. कुरोनुमा, अशी हाक. आणि ती पोरगी उजळून निघते. जपानमधे वर्गात एकमेकांना आडनावानेच हाक मारतात, पहिल्या नावापर्यंत यायला महिनेच्या महिने जातात आणि कोणी आलं तर ती मोठी घटना असते, हे मला लेकीने नंतर समजावून सांगितलं. पण मला ते समजावायची गरजच नव्हती. माझ्या आजीने उभ्या जन्मात आजोबांचं नाव घेतलं नाही, घेतलं ते लग्नकार्यात चार बायांनी दार अडवल्यावर उखाण्यात, तेही पदर तोंडाला लावून. नाव घेण्यात काय असतं ते आमच्याकडच्या बायांना पुरतं ठाऊक आहे. सोले तसेच राहिले, मी तीन भाग पाहिले. चुंबन नाही, मिठी नाही. हातसुद्धा धरला नव्हता अजून कोणी कोणाचा.

मग फोन पालथा का घातला?

इथे मला माझी माय आठवली आणि ती गोधडी आठवली. आम्ही पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली माणसं. ब्रह्मपुरीच्या अलीकडचं आमचं गाव, वैनगंगा ओलांडली की वडसा, आणि वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं माहेरघर. दिवाळी झाली, धान घरात आले की होळीपर्यंत गावोगाव मंडई म्हणजे जत्रा, नाहीतर बैलांच्या शर्यतीचा शंकरपट, आणि त्याच रात्री नाटक, दहा-अकराला सुरू होणार ते पहाटे गायी सुटायच्या वेळेपर्यंत. पाहुण्यांनी घरं भरलेली असायची. लहानपणी आम्ही बैलबंडीत तणस टाकून, वर गोधड्या घेऊन जायचो आणि मांडवात त्याच गोधड्या अंथरायचो. मी अकरा-बारा वर्षांची असेन. नायकाने नायिकेचा हात धरला, हार्मोनियमवाल्याने सूर लांबवला, आणि मायने झपकन गोधडी माझ्या तोंडावर ओढली. "झोप." मी झोपले नाही. गोधडीची एक शिवण उसवली होती, त्या भोकाला डोळा लावला, आणि त्यातून मला ते दोघं दिसले, रुपयाएवढ्या उजेडात. फार काही नव्हतं, तो तिच्या हातात बांगडी घालत होता. पण मला अजून तिच्या चोळीचा अबोली रंग आठवतो, गोधडीचा धुरकट वास आठवतो, आणि माझं काळीज किती उडत होतं तेही.

आता बाकीचं सांगते. त्याच नाटकात तासाभराने पाटलाचा पोरगा त्याच नायिकेला केस धरून ओढत नेतो असा सीन होता. ती ओरडत होती, मांडवात शिट्ट्या वाजत होत्या, आणि तेव्हा मायने गोधडी ओढली नाही. कोणाच्याच मायने ओढली नाही. आजूबाजूची सगळी लेकरं उघड्या डोळ्यांनी पाहत होती. हे मला इतक्या वर्षांत कधी खटकलं नव्हतं, त्या दुपारी ओसरीत बसून पहिल्यांदा खटकलं आणि पोटात कसंतरी झालं. मायला मी दोष देत नाही, तिच्या मायने तिच्यावरही तशीच गोधडी ओढली असेल. पण आम्हाला लाज शिकवली गेली ती बांगडी घालण्याची. केस ओढण्याची कोणी शिकवली नाही. आणि माझी लेक फोन पालथा घालते तेव्हा तीही हेच कुठूनतरी शिकलेली असते, की कोणी कोणाकडे मायेने पाहत असेल तर ते घरच्यांपासून लपवायचं. मी तिला असं कधी म्हटलं नाही. पण टीव्हीवर तसं काही आलं की रिमोट मीच उचलते नं, आणि मारामारी चालू असली की भाकऱ्या थापत बसते.

तर मग काय पाहायचं नि काय नाही हे ठरवायचं कसं. त्यानंतर पंधरा दिवस मी जे केलं ते सांगते, कारण माझ्या दोन मैत्रिणींनी मला हेच विचारलं, त्यांच्याही पोरी तेच पाहतात. पहिलं म्हणजे ते कोपऱ्यातलं लेबल. 2021 च्या नियमांपासून मोबाईलवरच्या सिरीजना यू, यूए 7+, यूए 13+, यूए 16+ आणि ए अशी वर्गवारी द्यावी लागते, बाजूला कशामुळे दिली तेही दोन शब्दांत लिहितात, आणि 13+ व त्याच्या पुढच्यांना पालकांना कुलूप लावायची सोय असते. हे चांगलंच आहे, तो नंबर आणि ते दोन शब्द वाचत जा, मी कधी वाचले नव्हते. पण आमच्या घरचं कुलूप लावणार कोण, फोन घेतला तेव्हा सगळं सेटिंग लेकीनेच करून दिलेलं, पिन तिलाच पाठ. आणि समजा मी नवा पिन टाकला, तरी त्या लेबलला माझं घर कुठे माहीत आहे.

तिच्या यादीत दुसरी एक सिरीज होती, अजून न पाहिलेली, 2022 ची, सोनो बिस्क डॉल. मी आधी पाहिली. गोजो नावाचा मुलगा आजोबांकडे हिना बाहुल्या, जपानमधे मुलींच्या सणाला मांडतात त्या, घडवायला शिकतोय, लहानपणी एका मैत्रिणीने पोरगा असून बाहुल्या आवडतात म्हणून झिडकारलं, तेव्हापासून तो मनातलं कोणाला सांगत नाही. आणि मारिन नावाची वर्गातली झगमगीत पोरगी त्याची ती कारागिरी पाहते आणि हसत नाही. कापड, सुई, टाके, बाहुलीच्या चेहऱ्यावरून फिरणारं ब्रशचं टोक, इतकं मन लावून काढलंय की मला आमच्या गावातला मातीचे बैल करणारा म्हातारा आठवला, तान्ह्या पोळ्याच्या आधी तो असाच एकेका डोळ्यावर अर्धा तास घालवायचा. माझा जीव जडला त्या गोष्टीवर. आणि दुसऱ्याच भागात ती पोरगी पोहायच्या कपड्यात त्याच्या खोलीत मापं द्यायला उभी राहते, आणि कॅमेरा जिथे जिथे थांबतो, तिथे त्या मुलाची नजर नाही आणि मुलीचीही नाही, ती तिसऱ्याच कोणाची आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं अंग तुकड्यातुकड्यांत दाखवलंय. मग शोधल्यावर कळलं की ही गोष्ट ज्या मासिकात यायची ते मोठ्या पुरुषांचं मासिक आहे, आणि किमी नी तोदोके ज्यात यायची ते शाळकरी मुलींचं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन्हीकडे तोच शाळेचा वर्ग, तेवढ्याच वयाची पोरं, चित्र कोणासाठी काढलंय तेवढं वेगळं.

तेव्हापासून मी एक पाहते, कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी पाहतोय. मुलगी काय विचार करते हे दिसतं की ती फक्त दिसते. कोणी नाही म्हटलं तर समोरचा थांबतो का, की तो नाही म्हणजे गंमत समजून पुढेच जातो. ज्याला नकार मिळाला त्याचं पुढे काय होतं, तो रडतो, जेवतो, परत मित्रांत बसतो, की सूड घेतो. घरात मोठी माणसं आहेत का. पुष्कळशा ॲनिमेंत आईबाप कुठे कामाला लांब गेलेले असतात आणि पोरं एकटीच राहतात, मारिनचंही तसंच, वडील बाहेरगावी. सावाकोच्या घरी मात्र आई आहे, वडील आहेत, ताटं मांडलेली दिसतात. चुंबनाचं म्हणाल तर मी आता ते मोजत नाही. एक सांभाळून दाखवलेलं चुंबन मला चालेल. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून एकीला टोचून टोचून हैराण केलेलं नुसतं हसण्यावारी नेलं असेल तर ते नाही चालणार.

त्या दुसऱ्या सिरीजला मी नाही म्हटलं. लेकीने विचारलं का, आणि मी तिला खरंखुरं कारण सांगितलं, कॅमेऱ्याचं. ती जराशी लाल झाली, मग म्हणाली, "मले पण तसं वाटलं होतं व आई, ट्रेलर पाहून." आणि थांबून, "पण बाहुल्या भारी आहेत नं?" हो, म्हटलं, बाहुल्या भारीच आहेत. सोळाची झालीस की आपण दोघी पाहू. मी बरोबर केलं का हे मला अजूनही ठाम सांगता येत नाही, तिच्या मैत्रिणी पाहताहेत आणि वर्गात त्याच गोष्टी होणार. एकटं पडण्याचीसुद्धा किंमत असतेच त्या वयात.

एका सिनेमाचं मात्र मला फार जड गेलं. कोए नो काताची, 2016 चा, ऐकू न येणारी मुलगी आणि तिला शाळेत छळलेला मुलगा, जो पुढे काही वर्षांनी तिची माफी मागायला येतो. सगळीकडे सुंदर म्हणून सांगतात आणि आहेच सुंदर. पण त्याची सुरुवातच तो मुलगा पुलावर जीव द्यायला उभा आहे तिथून होते, आणि पुढे ती मुलगी, आतषबाजीच्या रात्री, घरच्या बाल्कनीतून. जपानमधल्या आईबापांनी हे पाहताना काय विचार केला असेल ते त्यांना ठाऊक. माझ्या लेकीच्या वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील मागच्या पावसाळ्यात तसेच गेले. विदर्भात ज्या घरात अशी गोष्ट घडलेली नाही त्या घराच्या शेजारच्या घरात घडलेली असते. मी तो सिनेमा नको म्हटला नाही. एकटीने, गोधडीत, रात्री नको, एवढं म्हटलं. आम्ही तो रविवारी दुपारी पाहिला, दार उघडं ठेवून, धाकट्याला मामाकडे पाठवून. त्या बाल्कनीच्या जागी तिने माझा हात धरला आणि सिनेमा संपल्यावर पहिल्यांदा त्या मैत्रिणीबद्दल बोलली, की ती डबा खात नाही, आणि हिला तिच्याशी काय बोलावं ते कळत नाही. आम्ही कितीतरी वेळ तेच बोलत होतो. दुसऱ्या दिवशी मी डब्यात दोन पोळ्या जास्त टाकल्या.

आणि त्या रात्रीचं म्हणाल तर ते मला असं सरळ कधी कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "मले का आठवते आता." पण एकदा संध्याकाळी, अशात वाघ फिरतोय म्हणून दिवे लागले की पोरींना अंगणातसुद्धा जाऊ देत नाही आम्ही, भुलाबाईची गाणी म्हणायला या घरून त्या घरी आमच्यासारखं जाता येत नाही त्यांना, तर घरातच बसून ती मला एक भाग परत दाखवत होती. शाळेच्या बाथरूममधे काही मुली सावाकोच्या दोन मैत्रिणींबद्दल वाईट बोलत असतात, त्यांच्यातल्या एकीच्या वागण्याबद्दल घाणेरडी अफवा पसरवलेली असते, आणि ही घाबरट सावाको, जिला कधी आवाज चढवता आला नाही, ती त्यांच्यासमोर उभी राहते आणि म्हणते शब्द मागे घ्या. मग त्या दोघी मैत्रिणी तिथे येतात. लेक स्क्रीनकडेच पाहत म्हणाली, "हा मी सात वेळा पाहिला." गावातली शाळा सातवीपर्यंत, यंदा ती मुलींना शाळेत नेणाऱ्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसने मोठ्या गावच्या शाळेत जायला लागली, नवीन वर्ग, नवीन बाया. जुलैपासून मी रोज विचारत होते अभ्यास झाला का, डबा संपवला का. बाजूला कोण बसते हे नव्हतं विचारलं.

31 डिसेंबरला माय आमच्याकडे होती. सावाकोचा वाढदिवस त्याच दिवशी असतो, सीझनचे शेवटचे भाग त्याच रात्रीचे, म्हणून लेकीने ते मुद्दाम राखून ठेवले होते. आम्ही दोघी एका गोधडीत, फोन उशीला टेकवलेला, एक इअरफोन तिच्या कानात एक माझ्या. आमच्याकडे रेंज अशी की दोन मिनिटं चालतं आणि मग ते गोल चक्र फिरत राहतं. बर्फ पडतोय, देवळाकडे जाणारी गर्दी, दोघं शेजारी चालताहेत, श्वासाची वाफ दिसते. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि चक्र फिरायला लागलं. आणि खरं सांगते, माझा हात गोधडीच्या काठाकडे गेला होता. तिथेच राहिला.

बाजूच्या खाटेवरून माय उठून बसली. "का पाऊन रायल्या व तुमी इतल्या रातचं?"

"सिरीज आहे आजी. जपानची."

"लगन होते का यायचं?"

"अजून हात बी नाई धरला व आजी."

माय थोडा वेळ काही बोलली नाही. मग स्वतःची गोधडी उचलून आमच्याकडे आली, तिच्या पायांची थंडगार टाच माझ्या पोटरीला लागली, आणि म्हणाली, सरक जराशी, मले बी दिसू दे. लेकीने इअरफोन काढून टाकले आणि फोन उचलून आजीच्या बाजूला कलता केला. चक्र अजून फिरतच होतं.